ती घडी तशीच राहू द्या

पत्र:

बाई, नमस्कार. मी ४२ वर्षांची आहे. आम्ही बेळगावात टिळकवाडीत राहतो. मिस्टर उद्यमबागेत एका मशिन शॉपमध्ये सुपरवायझर आहेत. हायड्रॉलिक व्हॉल्व्हचे पार्ट करतात. मुलगी नववीत, मुलगा पाचवीत, दोघंही मराठी माध्यमात. दीड वर्षापूर्वी सासरे गेले आणि सासूबाई खानापूर तालुक्यातल्या गावाहून आमच्याकडे राहायला आल्या.

मला सगळं नीटनेटकं लागतं. लग्नानंतरच्या पहिल्या गौरीला नात्यातल्या एका बाईंनी ओट्यावरच्या फळीवरून बोट फिरवलं आणि ते बोट सगळ्यांना दाखवलं. माझ्या घरात पुन्हा कुणाला बोट दाखवायला जागा ठेवायची नाही, असं मी त्या दिवशी ठरवलं आणि सतरा वर्षं पाळलं.

पण हल्ली जड होतंय. रात्री साडेअकराच्या आत पाठ टेकत नाही. सासूबाईंनी कपड्यांच्या घड्या घातल्या तर मला त्या परत घालाव्या लागतात, कडाच जुळत नाहीत. आता त्या कशाला हातही लावत नाहीत. मिस्टर कामावरून आले की पंधरा-वीस मिनिटं खाली गाडीवरच बसून राहतात. गेल्या आठवड्यात मुलीने कन्नडच्या वहीत एकच ओळ इतक्या वेळा खोडून लिहिली की कागद फाटला. मी रागावले तर म्हणाली, 'तू बी परत करतीस की सगळं.'

येत्या वर्षी गावात लक्ष्मीची जत्रा आहे, तेवीस वर्षांनी. गावचं घर रंगवायचं, शे-दीडशे पाहुणे येणार. मला आतापासून झोप नाही. सगळे म्हणतात, 'सोडून दे की.' पण सोडायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे कुणीच सांगत नाही.

उत्तर:

ताई,

तुमचं शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. 'सोडून दे' म्हणणाऱ्यांना ते सोपं जातं, कारण तुम्ही सोडलेलं काम त्यांच्या अंगावर पडणार नसतं. म्हणून मी 'सोडा' म्हणणार नाही. घर लखलखीत ठेवण्यात काही चूक नाही, आणि सतरा वर्षं तुम्ही जे उचललंत त्याला ताकद लागते. मला तुमच्याकडे एकच मागायचंय. घरातल्या दुसऱ्या कुणी केलेलं काम परत करू नका. तुमच्या हातातलं काम हवं तितकं रेखीव करा. त्यांनी केलेलं मात्र त्यांनी केलं तसं राहू द्या.

ऐकायला हे अगदी लहान वाटेल. पण तुमच्या पत्रातली सासूबाई, मिस्टर आणि मुलगी ही तिन्ही माणसं मला याच एका गोष्टीपाशी अडलेली दिसतात.

आधी सासूबाईंचं घेऊ. खानापूरकडच्या शेतकरी घरातली बाई म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको. पहाटे गोठ्यातलं शेण काढण्यापासून दिवस सुरू. तिकडचा पाऊस डोक्यावर घेत, चिखलात वाकून भाताची लावणी. परत आल्यावर चूल, भाकऱ्या, पोरंबाळं, म्हातारी माणसं. त्या हातांनी एक घर चाळीस-पन्नास वर्षं चालवलं. मग नवरा गेला, शेत लांब राहिलं, आणि ते हात टिळकवाडीतल्या एका खोलीत येऊन बसले. गावात परसदारातून हाक मारली की शेजारीण 'ओ' द्यायची, इथे समोरच्या दाराला सेफ्टी डोअर. अशात एक दिवस त्या स्वतःहून उठल्या, दोरीवरचे कपडे काढले आणि घड्या घालून ठेवल्या. या घरात आपल्याला काही काम आहे का, हे त्या बघत होत्या. काही दिवसांनी त्यांना उत्तर मिळालं. तुम्ही तोंडाने एक शब्दही बोलला नसाल, तरी मिळालं.

त्या आत गेल्यावर तुम्ही घडी मोडत असाल आणि त्यांना कळत नसेल, असं तुम्हाला वाटत असेल तर माझ्या घरातलं सांगते.

माझ्या सासूबाई शेवटची काही वर्षं वडगावात आमच्याकडे होत्या. दुपारची जेवणं झाली की सुपात तांदूळ घेऊन निवडत बसायच्या. डोळ्यात मोतीबिंदू होता, त्यामुळे खडे राहायचे. मी शाळेतून दमून यायची, तरी त्यांना कधी काही बोलले नाही. रात्री त्या झोपल्या की स्वयंपाकघरातला दिवा लावून तेच तांदूळ परत निवडायची. मला वाटायचं, मी त्यांचं मन राखतेय. एका दुपारी सूप भिंतीला टेकवलेलंच राहिलं. मी विचारलं तर म्हणाल्या, 'तूच बघ गे, मला नीट दिसत नाही.' पुढे मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, चांगलं दिसायला लागलं, पण सूप त्यांनी परत हातात घेतलं नाही. आणखी दोन वर्षं होत्या. दुपारी हात मांडीवर ठेवून खिडकीतून रस्त्याकडे बघत बसायच्या.

एखादा खडा दाताखाली आला असता तर आला असता. नाहीतर दुसरं सूप घेऊन मी त्यांच्या शेजारी बसले असते, गप्पा मारत दोघींनी मिळून निवडले असते. तेव्हा हे मला सुचलं नाही. तुमच्या सासूबाई अजून आहेत, म्हणून एवढ्या तळमळीने लिहितेय.

आता त्या बोटाबद्दल. नवी सून, घर माणसांनी भरलेलं, गौरी सजवून उभ्या केलेल्या, आणि सगळ्यांच्या देखत कुणीतरी तुमच्या फळीवरची धूळ बोटावर घेऊन फिरवली. ती बाई वाईटच वागली. पाहुण्यांनी भरलेल्या घरात धूळ असतेच, तिने ठरवून शोधली. त्या दिवशी तुम्हाला लाज वाटली असेल, आणि ती लाज पुन्हा वाट्याला येऊ नये म्हणून तुम्ही कंबर कसलीत. मला ते पूर्ण समजतं. माणूस उगाच असा होत नाही.

पॉल ह्युइट आणि गॉर्डन फ्लेट या कॅनडातल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये परिपूर्णतेच्या ध्यासाचे तीन प्रकार मांडले. एक, माणूस स्वतःकडून बिनचूकपणा मागतो. दुसरा, तो आजूबाजूच्यांकडून मागतो. तिसरा, आपण बिनचूक असलो तरच लोक आपल्याला बरं म्हणतील, असं त्याला वाटत राहतं. तुमच्या घरात हे तिन्ही एकामागून एक आले. त्या बोटाने तिसरा दिला. त्यातून तुम्ही स्वतःवर पहिला लादलात. आणि ओझं वाढत गेलं तसा दुसरा प्रकार सासूबाईंच्या घड्यांपर्यंत पोहोचला. तिथेही तो थांबला नाही. मुलीच्या वहीत जे फाटलं तो पुन्हा तिसराच प्रकार आहे. ती ज्या बोटाला घाबरते ते आता तुमचं आहे. हे लिहिताना माझा हात अडखळला, पण तुमच्या मुलीने ते माझ्याही आधी सांगून टाकलंय, आणि तुम्ही ते प्रामाणिकपणे पत्रात लिहिलंत. ज्या आईला ते वाक्य लागलं आणि लक्षात राहिलं, तिच्याकडून मला खूप आशा आहे.

यात सगळा दोष तुमच्या स्वभावाचा, असंही मला म्हणायचं नाही. केंद्र सरकारने २०१९ मध्ये देशभर पाहणी केली होती, कोण दिवसाचा किती वेळ कशात घालवतं याची. घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांचा दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ त्यात जात होता. पुरुषांचा ९७ मिनिटं. आणि अशी कामं करणारे पुरुष होते शंभरात २६. पाच तासांचं काम एका माणसावर असलं की तिला ते आपल्याच पद्धतीने उरकावं लागतं, आणि मग दुसऱ्याने मध्येच येऊन वेगळ्या पद्धतीने केलेलं काम मदत न वाटता अडथळा वाटायला लागतं. तुमचं तेच झालंय. म्हणूनच दुसऱ्यांचे हात घरात परत यायला हवेत, आणि ते येतील तेव्हा त्यांच्या पद्धतीनेच येतील.

मिस्टरांबद्दल थोडं. खाली गाडीवर बसण्यात त्यांचीही चूक आहे. बायको साडेअकरापर्यंत राबते हे दिसत असताना वीस मिनिटं खाली बसून राहणं मला पटत नाही, आणि हे उत्तर त्यांना वाचायला द्या, माझी हरकत नाही. पण वर आल्यावर आपण ठेवलेला डबा चुकीच्या जागी, घासलेलं पातेलं तेलकट, असं रोज ऐकणारा माणूस जिन्यात रेंगाळतो, हेही खरं. त्यांच्याकडे एक काम पूर्ण सोपवा. रात्रीची भांडी, समजा. पातेली कुठल्या तोंडाने पालथी घालायची, हे ते ठरवतील. तुम्ही त्या वेळी स्वयंपाकघरात थांबूच नका.

त्यांच्या धंद्यातली एक गोष्ट मात्र तुम्ही त्यांच्याकडून समजून घ्या. आमच्या शाळेतली कितीतरी मुलं पुढे उद्यमबागेत कामाला लागली, त्यांच्याकडून मी ती ऐकलेली आहे. ड्रॉइंगवर कुठलंही माप नुसतं लिहीत नाहीत. पुढे अधिक-उणे लिहिलेलं असतं, इतकं जास्त चालेल, इतकं कमी चालेल. त्याला टॉलरन्स म्हणतात. अगदी बरोब्बर मापाचा जॉब, म्हणजे पार्ट, जगात कुठल्याच मशिनवर निघत नाही, हे धरूनच सगळं कारखानदारीचं गणित बसवलेलं असतं. व्हॉल्व्हच्या आत सरकणारा दांडा म्हणजे स्पूल, आणि बाहेरचं कवच म्हणजे हाउसिंग, यांच्यातली फट काही मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या हजारांश भागांत मोजायची. तिथे ढिलाई केली तर तेल गळतं. पण ज्या स्टँडवर तो व्हॉल्व्ह ठेवायचा त्याला मिलिमीटरभर इकडेतिकडे झालं तरी काही बिघडत नाही. आणि एखाद्या शहाण्याने स्टँडच्या ड्रॉइंगवरही मायक्रॉन लिहिले, तर काय होईल ते मिस्टरांना विचारा. वेळ लागेल, खर्च वाढेल, चांगले जॉब रिजेक्ट होतील, आणि कामगार मशिन सोडून निघून जातील.

तुमच्या घरात सगळ्याच ड्रॉइंगवर मायक्रॉन लिहिलेत, ताई.

एका रविवारी दोघांनी बसून ठरवा, घरात स्पूल कोणते आणि स्टँड कोणते. सासूबाईंच्या गोळ्या असतील तर त्या वेळेवर आणि मोजूनच हव्यात. रात्री गॅसचा रेग्युलेटर बंद हवा. पिण्याचं पाणी झाकलेलं हवं. बेळगावात ज्यांनी तीन-चार दिवसांनी येणाऱ्या नळाची वाट बघितलीय, त्या बायकांचा पाण्याच्या बाबतीतला काटेकोरपणा मी कधीच नावं ठेवण्याजोगा मानत नाही. मुलांच्या फीची तारीख, विजेचं बिल, हेही त्यातच. मला वाटतं यादी सात-आठ गोष्टींपुढे जाणार नाही. टॉवेलच्या कडा, डब्यांची उंचीप्रमाणे रांग, उशांचे अभ्रे एका रंगाचे असणं, भाकरी गोल असणं, ही सगळी स्टँडची कामं. त्यात अधिक-उणे चालतं. मुलाच्या दप्तराचं काय, असं तुम्ही विचाराल. पाचवीतल्या मुलाने स्वतः दप्तर भरावं आणि एखाद दिवशी कंपासपेटी घरी राहावी. तोही स्टँडच.

आता मुलीकडे येते, कारण मला सगळ्यात जास्त काळजी तिची आहे.

डोनाल्ड विनिकॉट नावाचे एक इंग्रज बालरोगतज्ज्ञ होते, पुढे मनोविश्लेषणाकडे वळले. हजारो आया आणि मुलं त्यांनी बघितली. १९५३ मध्ये त्यांनी 'पुरेशी चांगली आई' ही कल्पना मांडली. अगदी तान्ह्या बाळाची गरज आई जवळजवळ पूर्णपणे भागवते. पण बाळ वाढतं तशी ती हळूहळू, त्याला झेपेल इतकीच, कमी पडत जाते. दूध यायला जरा उशीर होतो, हाकेला ओ लगेच मिळत नाही. आणि हे कमी पडणंच बाळाला उपयोगी ठरतं, कारण त्यातून ते खऱ्या जगाशी जुळवून घ्यायला शिकतं. सगळं सगळ्या वेळी बिनचूक करणारी आई मुलाला ही संधीच देत नाही, असं त्यांचं म्हणणं. तुमची मुलगी तान्ही नाही, चौदा-पंधरा वर्षांची आहे. तिने घरात एखादी गोष्ट चुकलेली आणि तरी सगळं ठीक चाललेलं शेवटचं कधी पाहिलं, ते आठवून बघा.

आपल्या सीमाभागातल्या पोरांवर एक जादा ओझं असतं, ते बाहेरच्यांना कळत नाही. घरी मराठी, शाळेत मराठी, बाजारात आणि ऑफिसात कन्नड, पुढे कॉलेजात इंग्रजी. आपली मुलं कुठेच कमी पडू नयेत म्हणून आपण तिन्ही भाषांत त्यांच्याकडून पहिला नंबर मागतो. मी मराठी माध्यमाच्या शाळेत तीस वर्षं शिकवलं. माझ्या वेळी दहावीला ६२५ पैकी पहिल्या भाषेचे १२५ आणि बाकीच्या पाच विषयांचे शंभर-शंभर असायचे. त्या ६२५ मधले दोन-तीन का गेले म्हणून रडणाऱ्या मुली मी बघितल्यात, आणि त्यांच्यामागे उभ्या असलेल्या आयाही. कन्नड अक्षरं तर गोलाईची. आपल्या मुलांचा हात देवनागरीच्या उभ्या काठीला सरावलेला, त्यामुळे गोल नीट उमटत नाही. तुमची मुलगी ज्या ओळीवर अडली तिथे बऱ्याच मुली अडतात.

वर्गात मी एक करायची. पाचवीनंतर रबर बंद. चुकलं तर त्यावर एक आडवी रेघ, एकच, आणि पुढे लिहायचं. आधी मुली कासावीस व्हायच्या, वही 'घाण' दिसते म्हणून. मी म्हणायची, मला चूक पण वाचायचीय, ती खोडलीस तर मला कळणार कसं तू कुठनं कुठं आलीस. पंधरा दिवसांत हात मोकळा व्हायचा. तुम्ही तिला एक साधी, स्वस्त वही आणून द्या, कुणाला दाखवायची नाही अशी. त्यात कन्नड रोज दहा ओळी, पेनने, रबराशिवाय. तुम्हीही तिच्याजवळ बसून तीच अक्षरं काढा. तुमचं कन्नड बोलणं चांगलं असेल, लिहिणं बहुधा तिच्याइतकं नसेल. तुमचं अक्षर वाकडं येईल, तिला दिसेल, आणि तुम्ही ते तसंच ठेवून पुढची ओळ लिहाल. 'बिनचूक असायची गरज नाही बाळा' असं शंभर वेळा सांगण्यापेक्षा ही एक ओळ तिला जास्त काही देईल.

आणि तिच्या त्या वाक्याचं उत्तर तुम्ही अजून दिलेलं नाही. द्या. लांबण नको. 'तू म्हणालीस ते खरं आहे. मी परत करते. मला कमी करायचंय,' एवढं पुरे. नववीतल्या मुलीला आईने खरं मान्य केल्याचा विसर पडत नाही.

लक्ष मात्र ठेवा. ती झोपेनाशी झाली, जेवण टाळायला लागली, शाळेत जायला नको म्हणू लागली, किंवा वह्या फाडणं वाढलं, तर थांबू नका. टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा नंबर १४४१६. २०२२ च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलता येतं आणि कन्नडमध्येही. हेच तुमच्यासाठीही. तुम्ही लिहिलंय त्यावरून मला तसं वाटत नाही, तरी विचारते: एखादी गोष्ट परत केली नाही तर काहीतरी वाईट घडेल असा विचार मनात घुसतो का? हात धुणं, कुलूप बघणं, मोजणं, हे नको असूनही थांबवता येत नाही का? तसं असेल तर ते नीटनेटकेपणाच्या पलीकडचं आहे, आपल्याकडे त्याला मंत्रचळ म्हणतात, आणि त्यावर चांगले उपचार आहेत. तिथे माझ्या सल्ल्यावर थांबू नका, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा.

तसं नसेल, तर सुरुवात घड्यांपासून करू. कपडे वाळले की सासूबाईंना म्हणा, 'आत्ती, एवढे कपडे बघता काय, माझा हात अडकलाय.' खरोखर हात अडकलेला असू द्या, त्यांना खोटं लगेच ओळखता येतं. पहिल्यांदा त्या 'नको गे, तुला आवडत नाही' म्हणतील. तिथे रडारड करून माफी मागू नका, त्यांना अवघडल्यासारखं होईल. 'आवडतंय की, घाला तुम्ही,' म्हणा आणि तिथून बाजूला व्हा.

त्या घड्या घालतील. कडा जुळणार नाहीत. तुम्ही कपाट उघडाल आणि तुमचे हात आपोआप पुढे जातील. खरं काम त्या क्षणी आहे. छातीत गच्च होईल, डोक्यात तीच एक वाकडी कड घुमत राहील. कपाट लावा आणि गॅलरीत जाऊन उभ्या राहा. ती अस्वस्थता चढते, वर जाऊन थांबते, आणि तुम्ही काहीही केलं नाही तरी उतरते. आजवर तुम्ही ती उतरायच्या आधीच घडी मोडलीत, त्यामुळे ती आपोआप उतरते हे तुम्हाला कधी कळलंच नाही. पहिल्या खेपेला अर्धा तास लागेल कदाचित. पाचव्या-सहाव्या खेपेला कमी. मध्येच एखाद दिवशी हात आवरणार नाही आणि तुम्ही घडी मोडाल. मोडलीत तर मोडलीत, दुसऱ्या दिवशी पुन्हा त्यांनाच कपडे द्या.

महिनाभराने एखादं काम असं द्या ज्यात त्या उस्ताद आहेत आणि तुम्ही नाही. शेंगाची चटणी खलबत्त्यात कुटणं, उन्हाळ्यात सांडगे घालणं, जोंधळ्याची भाकरी थापणं. ओटा पिठाने भरेल. त्यांना विचारून शिका, मुलीलाही शेजारी बसवा.

आणि जत्रा. तिच्या धास्तीने तुमची झोप गेलीय, पण मला उलट वाटतं. तुम्हाला याहून चांगली शाळा मिळायची नाही. आपल्याकडच्या लक्ष्मीच्या जत्रा कुठे बारा वर्षांनी, कुठे वीस-पंचवीस वर्षांनी येतात. तुमच्या गावात तेवीस वर्षांनी, म्हणजे तुमच्या लग्नानंतरची ही पहिलीच. मी माहेरच्या गावची एक बघितलीय. आधी वार पाळले, घराघराला रंग लागला, सगळ्या लेकी-बाळी माहेरी आल्या. पाहुणे मोजायचे सोडून दिले होते. शेजारच्या पाच घरांची भांडी एकत्र झाली, कुठलं पातेलं कुणाचं हे बुडाला कोरलेल्या नावावरून कळायचं. गाद्या कमी पडल्या तर ओसरीवर सतरंज्या टाकल्या. आमटी एका कढईत तिखट, दुसरीत अळणी. कुणाची चादर कुणाच्या अंगावर, पत्ता नाही. देवी गदगेवर, म्हणजे जत्रेतल्या तिच्या आसनावर, बसली तेव्हा त्या गर्दीत माझ्या आईच्या साडीला हळद, कुंकू आणि चुलीचा धूर असं सगळं लागलेलं होतं.

मनातल्या मांड्यांना कधी चीर जात नाही. पण आपल्या बेळगावचे खरे मांडे होताना तुम्ही बघितले असतील. हातावर फिरवत फिरवत कागदासारखा पातळ करून तापलेल्या उपड्या कढईवर पसरायचा, आत साखर आणि खसखस, आणि गरम आहे तोवर पटकन घडी घालायची. घडी घालताना कुठेतरी चिरतोच, थोडी साखर सांडते. तो तसाच पानात वाढतात आणि लोक मिटक्या मारत खातात.

त्या गर्दीत बोट फिरवणारी एखादी बाई येईलही. कदाचित तीच. तिला बघून जुनं सगळं उसळेल, म्हणून आत्ताच सांगून ठेवते: तिच्या हातात एक परात द्या आणि म्हणा, 'बरं झालं आलात, एवढं पीठ मळता काय?'

गावच्या घराची तयारी तुम्ही एकटीने करू नका. ते घर सासूबाईंचं आहे. कुठल्या खोलीत कोण झोपणार, देवीचं सामान कुठल्या कोनाड्यात, कुणाच्या घरून मोठा हंडा मागायचा, हे त्यांना तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक. रंग कोणता, हेही त्यांनाच विचारा. त्या हिरवा म्हणाल्या आणि तुम्हाला पांढरा हवा असेल, तर हिरवा लावा.

पुढच्या पत्रात जत्रेचं नंतर लिहा. आधी मला एवढंच कळवा, सासूबाई कपड्यांना परत हात लावायला लागल्या का, आणि त्या साडीची घडी कशी घालतात. आमच्या सासूबाई नऊवारी आधी उभी दुमडायच्या. मला ती कधी जमली नाही.